लाल उघडी गाडी कुठल्या गावची घ्यायची?

लग्नासाठी गाडी ठरवायला माणसं आमच्या गॅरेजवर यायची ती आधी रंग सांगायची. "मिस्त्री, लाल पायजे. वरून उघडी पायजे. दोनच दारं पायजेत." मी पाना खाली ठेवायचा, चिंधीनं हात पुसायचे आणि विचारायचं, "लगीन कुठल्या गावात हाय?" की माणूस वैतागलाच. "गावाचं काय घेऊन बसलायसा? गाडीचं बोला की!" आता त्याला कसं सांगणार, की बाबा, गाडी नंतर. ती कुठल्या शहरातनं आणायची हे आधी ठरव, नाहीतर तुझा नवरदेव चालत जाईल.

मी बेळगावात कॅम्प भागातल्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. सत्तरच्या दशकात कामाला लागलो आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिलो. रस्त्यावर तेव्हा गाड्या म्हणजे दोन-तीन जातीच्या, त्याही सगळ्या पांढऱ्या नाहीतर काळ्या. पण आमच्या मालकांना विलायती गाड्यांचा भारी नाद. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबानं बदली झाल्यावर आपली दोन माणसांची उघडी गाडी त्यांना विकली. लाल भडक, बुटकी, लांब नाकाची. शर्यतीत पळवायची जात. ती लग्नाला भाड्यानं द्यायची टूम मालकांची, आणि ती चालवायची जबाबदारी माझी. मालकांची गाडी मोकळी नसली तर कोल्हापूरची किंवा गोव्याची मी ठरवून द्यायचो. म्हणजे लग्नं जमवणाऱ्या काकांसारखंच माझं झालं होतं, फक्त मुली दाखवायच्या ऐवजी मी गाड्या दाखवायचो.

गिऱ्हाईकाला वाटायचं, गाडी ती गाडी. कुठली का असेना! न्हाय हो. कोल्हापूरच्या गाड्या लांबड्या, जुन्या बड्या घराण्यांतनं बाहेर पडलेल्या, मिरवणुकीची सवय असलेल्या. गोव्याच्या दिसायला सगळ्यांत फाकडू, पण समुद्राच्या हवेनं खालून गंजलेल्या आणि मध्ये घाट. बेळगावची ती एकच, आमची. त्यात राज्यं वेगळी, म्हणजे नाका आला, भाड्याच्या गाडीला कर आला. नाक्यावर "पाहुण्याची गाडी हाय साहेब" असं म्हणायचं आणि आपण पाहुणा असल्यासारखं तोंड करायचं. निपाणीकडची मंडळी तर आणखी पुढची. ती रंगाच्या आधी नंबरप्लेट विचारायची. सीमाभागातला माणूस लग्नात कानडी नंबर बघून जेवणावरून उठला असता, आणि बेळगावातले काही कानडी लोक महाराष्ट्राचा नंबर बघून. गाडी विलायती, आणि भांडण पाटीवर! शेवटी मी झेंडूची जाडजूड माळ पुढच्या पाटीवरच बांधायला लागलो.

शहापुरातल्या एका साडीवाल्या शेठजींनी माझं ऐकलं नाही. त्यांना गोव्याचीच गाडी हवी होती, कारण त्यांच्या व्याह्यांनी गोव्याची गाडी पाहिली होती. मी म्हटलं, "शेठ, घाट हाय, गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं, नको." ते म्हणाले, "मिस्त्री, तुमची गाडी मोकळी न्हाय म्हणून पोटात दुखतंय तुमच्या." बरं, म्हटलं. गोव्याच्या ड्रायव्हरनं मोठा रस्ता सोडून जवळचा म्हणून कणकुंबीचा रस्ता धरला. तेव्हा तो रस्ता म्हणजे दगडावर दगड. एका दगडानं खालचा ऑइल चेंबर फोडला आणि सगळं ऑइल जंगलात. मुहूर्त टळायची वेळ आली तरी गाडी नाही म्हणून मी मोटारसायकलवर शोधत गेलो, तर तो पठ्ठ्या मैलाच्या दगडावर बसून काजू खात होता. इकडं नवरदेव मामाच्या स्कूटरवर मागं बसून मांडवात गेला, मुंडावळ्या कानामागं उडत होत्या. शेठजी पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. जसा काही तो दगड मीच नेऊन ठेवला होता.

आमच्या लाल गाडीची पहिली फेरी खानापूर भागात झाली, तीही सांगण्यासारखी आहे. गाडी पोचली, माणसं गोळा झाली, कौतुक झालं. आणि मग करवली आली. नवरदेवाची थोरली बहीण, लग्न झालेली, अंगापिंडानं भरलेली, हातात कऱ्हा. करवली नवरदेवाशेजारी बसणार हे ठरलेलं. गाडीत जागा दोन. एक माझी. मालकांच्या, माझ्या, नवरदेवाच्या बापाच्या, कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! साहेबाच्या गाडीला करवली कुठली माहीत असणार? आक्का म्हणाल्या, "मी मागच्या टेम्पोत बसायची न्हाय. सांगून ठेवते." नवरदेव बहिणीला भ्यायचा, आम्ही सगळेच भ्यालो. शेवटी आक्का सीटवर बसल्या आणि नवरदेवाला मी मागं, दुमडलेल्या टपावर चादर टाकून, उंच बसवला. तो खाली पाय सोडून बसला आणि अख्ख्या गावाला दिसला. तेव्हापासून आमच्या गाडीत नवरदेव वरच बसायला लागले, आणि लोक म्हणायला लागले की मिस्त्रीची काय आयडिया!

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निपाणीजवळच्या एका गावातनं कांबळे आप्पा आले. गावाचं नाव सांगत नाही. आप्पांनी जन्मभर तंबाखूच्या वखारीत हमाली केली होती. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, पायात नवी चप्पल. बौद्ध समाजातलं कुटुंब. त्यांचा अशोक इंजिनिअर होऊन पाटबंधारे खात्यात लागला होता, त्याचं लग्न ठरलेलं. आप्पांनी रंग सांगितला नाही. ते म्हणाले, "मिस्त्री, उघडी गाडी पायजे. बंद गाडीत माणूस दिसत न्हाय. माझा पोरगा दिसला पायजे."

मी नेहमीसारखं विचारलं, वरात कुठनं कुठं? त्यांनी सावकाश सांगितलं. वस्तीतल्या विहारापासनं निघायचं, चावडीपुढच्या चौकातनं जायचं, आणि गावाच्या पलीकडं शाळेच्या मैदानात मांडव, तिथं पोचायचं.

या वस्तीची वरात त्या चौकातनं कधी गेली नव्हती. ती मागच्या ओढ्याच्या वाटेनं जायची. आता कायद्यानं अडवणारं कुणी नव्हतं, पण जाणारंही कुणी नव्हतं. आप्पा म्हणाले, "माझ्या लग्नात हलगी ओढ्याकाठी वाजली. चौकाजवळ आलो की हलगीवाल्यानं हात आवरला. कुणी सांगितलं न्हाय त्याला. त्यानं आपणहून आवरला. मी त्या दिवशी चालत होतो, अजून आठवतंय मला."

यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आप्पा, ओढ्याकडचा रस्ता गाडीला बरा पडंल. आणि बंद गाडी घ्या, ती तापत न्हाय." झालं! रस्त्याचं नाव पुढं केलं, पण खरी गोष्ट वेगळी होती. मला भीती वाटत होती. दगड, भांडण, मालकांची गाडी, माझी नोकरी. आणि मी चावडीवर बसणाऱ्यांच्याच घरातला. खानापूरकडच्या आमच्या गावात माझा चुलता तसाच कट्ट्यावर बसायचा. हे बोलणं आज आठवलं तरी मला लाज वाटते, ते लिहून टाकलेलं बरं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हणाले, "रस्ता मी बघतो मिस्त्री. तुम्ही गाडी बघा."

मग गाडी बघायला लागलो. निपाणीला कोल्हापूर जवळ, म्हणून आधी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मालकाला ट्रंककॉल लावला. "हाय की गाडी, मोकळी हाय, घेऊन जा," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, वरात कुठनं कुठं? मी सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे, त्या दिवशी गाडी गुंतलीय हो." दोन मिनिटांपूर्वी मोकळी होती! आप्पा समोरच बाकड्यावर बसले होते. मी म्हटलं, "कोल्हापूरची गाडी बिघडलीय, आप्पा." ते हसले. "व्हय. आमच्या टायमाला बिघडतातच."

गोव्याचा प्रश्नच नव्हता, चेंबर फुटायची हौस कुणाला? राहिलं बेळगाव, म्हणजे आमची लाल. मालकांना विचारलं. मालक मनानं वाईट नव्हते, पण रंगाला जपणारे. "दगडबिगड पडला तर?" म्हणाले. मी म्हटलं, "मी चालवतो. पडला तर आधी माझ्या डोक्यात पडंल." हे माझ्या तोंडातनं कसं निघालं कुणास ठाऊक. आधी ओढ्याची वाट सुचवणारा मीच! बहुतेक त्या "बिघडतातच" नं काम केलं असावं.

पण खरी अडचण माणसांची नव्हती, गाडीची होती. बाहेरच्यांना हे कळत नाही म्हणून सांगतो. पळायची गाडी पळाली तरच थंड राहते. समोरून वारा आत शिरला पाहिजे. वरातीत बँडच्या पावलानं, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं तिला चालवलं की इंजिन तापतं, रेडिएटरमधलं पाणी उकळतं आणि गाडी जागच्या जागी बसते. बेळगावच्या थंड हवेत तेवढं चालून जातं. निपाणीकडं मे महिन्यात, दहा वाजताच्या उन्हात, लई अवघड. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं.

आप्पांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. "कुठं बी बंद पडू दे मिस्त्री," ते म्हणाले, "वस्तीत पडू दे, मैदानात पडू दे. चौकात नको. चौकात बसली तर लोक म्हणतील, यांची धाव एवढीच. जन्मभर म्हणतील. पोराच्या पोरांना म्हणतील."

त्यानंतर मी त्या गाडीची जी सेवा केली ती स्वतःच्या लग्नातही कुणाची केली नव्हती. रेडिएटर काढून धुतला. नळ्या बदलल्या. पंख्याचा पट्टा नवा घातला. इंजिनात पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट असतो, तो काढून फडताळात ठेवला. आदल्या दिवशी त्या गावात जाऊन विहारापासनं मैदानापर्यंत बँडच्या चालीनं एकटाच चालत गेलो, हातात घड्याळ धरून. लोक बघत होते. चौकाच्या अलीकडं चढ होता, तो मला आवडला नाही.

आप्पांच्या घरी सांगितलं, वरातीबरोबर भरपूर पाणी ठेवा. गाडी पाणी पिते. आप्पांची बायको, रखमाआक्का, म्हणाल्या, "आमच्या नळाचं कळश्या भरून घेतो की. बायका घेतील डोक्यावर." आप्पा तिथूनच बोलले, "व्हय, आपलंच घ्या. त्या दिवशी वाटंत कुणाकडं पाणी मागायचं न्हाय."

लग्नाच्या सकाळी तवंदीचा घाट उतरलो तेव्हा गाडी झक्क चालत होती. वस्तीत पोचल्यावर बायकांनी गाडीला ओवाळलं, मलाही ओवाळलं. अशोक पांढऱ्या कपड्यात वर बसला, जरा लाजलेला. मला हळूच म्हणाला, "मिस्त्री, मी आप्पांना जीपनं जाऊ म्हणालतो." म्हटलं, "आता गप बसा आणि ताठ बसा." शेजारच्या सीटवर त्याची बहीण. पुढं बुद्धाची तसबीर आणि निळा झेंडा, मग बँड, मग हलगी, मग आम्ही, आणि मागं डोक्यावर कळश्या घेतलेल्या बायका. आप्पा माझ्या दाराला हात लावून चालत होते.

निम्म्या वाटेवर तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी क्लच दाबत, सोडत, गाडी पुढं ढकलत होतो. घाम डोळ्यांत उतरत होता. पुढं चावडी दिसली. कट्ट्यावर दहा-बारा माणसं, सगळी आमच्याकडं बघणारी. चढ आला. काटा लाल खुणेला लागला. मी मनात गाडीला म्हटलं, बाई, एवढा चौक ओलांड, पुढं काय करायचं ते कर. तिनं माझं ऐकलं नाही. बरोबर चौकाच्या मधोमध, कट्ट्यासमोर, बॉनेटमधनं पांढरी वाफ उठली, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

बँड थांबला. हलगी थांबली.

खोटं कशाला बोलू! आप्पांकडं बघायची माझी छाती झाली नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडं. दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि त्यात लगेच काही करताही येत नव्हतं. तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी ओतलं तर इंजिनला तडा जातो. पंधरा मिनिटं तरी थांबायलाच लागतं. तिथं, त्या चौकात.

कट्ट्यावरनं एक फेटेवाला म्हातारा उठला आणि आमच्याकडं चालत आला. मागं आणखी दोघं. मी दार उघडून खाली उतरलो, आप्पांच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो. काय करणार होतो देव जाणे, हातात फक्त चिंधी होती.

म्हाताऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून चाक बघितलं. मग मला म्हणाला, "कुठली म्हणायची ही?"

"बेळगावची," मी म्हटलं.

"तसं न्हवं रं. कुठल्या देशाची?"

"विलायतेची."

"आणि पळती किती?"

हुश्श! मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला दुप्पट वेग सांगितला. मग काय, कट्टा रिकामा झाला. कुणी दिव्याला हात लावतंय, कुणी आत वाकून गिअर बघतंय. पोरं तर सगळी गोळा. सगळेच काही आनंदानं आले असं नाही. दोघं-तिघं कट्ट्यावरच पाठ फिरवून बसले होते, तेही बघितलं मी. पण दगड उचलायला कुणी वाकलं नाही. म्हातारा आप्पांना म्हणाला, "पाणी देऊ का घागरभर? घर हितंच हाय."

आप्पा म्हणाले, "नको पाटील. आणलंय आमचं."

"बरं, बरं," म्हातारा म्हणाला आणि बाजूला झाला.

इंजिन जरा निवल्यावर बायका पुढं आल्या. रखमाआक्कांनी पहिली कळशी उतरवली. मी टोपणावर ओली चिंधी टाकून ते थोडं थोडं सैल केलं, वाफ जाऊ दिली, आणि मी सांगेन तसं त्या हळूहळू पाणी ओतत गेल्या. तीन कळश्या गाडी प्यायली. मी सीटवर बसलो, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! जीव भांड्यात पडला. अशोक वरून म्हणाला, "शाब्बास मिस्त्री." मी गिअर टाकला, आणि मोठ्या आनंदानं आप्पांकडं बघितलं.

आप्पांनी दारावर हात ठेवला. "मिस्त्री, बंद करा."

मला वाटलं, आणखी काय गळायला लागलं. "का वो आप्पा? झालं की आता. निघू या."

"चालू हाय नव्हं? हवी तवा चालू होईल नव्हं?"

"व्हय, होईल की."

"मग ऱ्हाऊ दे जरा." त्यांनी चौकभर नजर फिरवली, मग वर बसलेल्या पोराकडं बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "पोरगा चौकात बसलाय माझा. जरा बसू दे की त्याला. इतकी कसली घाई हाय?" आणि मागं वळून ओरडले, "ए, हात का आवरलासा? वाजवा रं!"

हलगी कडाडली. मी गाडी बंद केली. बौद्ध लग्नात मुहूर्ताची भानगड नसते, त्यामुळं घाई खरंच कुणाला नव्हती. मी किल्ली काढली आणि आप्पांच्या हातात दिली. म्हटलं, "तुम्ही सांगशीला तवा निघू."